एकसारख्या लाटांचा ताफा का फुटतो: टाकी, फायबर आणि घरचा संगणक

लांबलचक टाकीच्या एका टोकाला फळी लावायची आणि घड्याळाच्या ठोक्यासारखी मागे-पुढे हलवायची. फळीजवळ लाटा शिस्तीत निघतात, सगळ्या सारख्या उंचीच्या. साठेक मीटर पुढे जाऊन पाहिलं तर शिस्त गेलेली असते: चार लाटा चांगल्या उंच, मग दोन-तीन जेमतेम दिसणाऱ्या, पुन्हा चार उंच. फळी बिघडलेली नसते. टी. ब्रूक बेंजामिन आणि जिम फेअर यांनी हे १९६७ साली प्रयोग आणि गणित दोन्हींनी दाखवलं. खोल पाण्यातली एकसारखी तरंगमाला मुळातच अस्थिर असते. आयामात नखाएवढा चढउतार असला तरी तो वाढत जातो आणि ताफ्याचे घोळके होतात.

१९८६ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये ताई, हासेगावा आणि तोमिता यांनी काचेच्या तंतूत, लेझरच्या प्रकाशात हेच पाहिलं. दोन्हीकडे गणित एकच आहे, नाव अरेषीय श्रोडिंगर समीकरण. ते स्वतः चालवून कसं पाहायचं, हे इथे पायरीपायरीने सांगतो. लागतं ते एवढंच: पायथन आणि नमपाय, किंवा ऑक्टेव्ह. बारावीनंतरचं कलन आणि संमिश्र संख्या येत असल्या की पुरे. एक अट मात्र माझी आहे. उत्तर काय यायला हवं ते आधी वहीत काढायचं, संगणक नंतर उघडायचा. या समीकरणात चुकीचा प्रोग्रामही फार सुंदर चित्रं काढतो.

आधी कारण, दोन मिनिटांत

खोल पाण्यात उंच लाट बुटक्या लाटेपेक्षा किंचित वेगाने धावते, हे स्टोक्सने १८४७ मध्येच दाखवलं होतं. आता ताफ्यात मध्येच थोडा उंच फुगवटा आहे असं धरा. फुगवट्यातल्या लाटा पुढे रेटतात, त्यामुळे फुगवट्याच्या पुढच्या बाजूच्या लाटा दाबल्या जाऊन आखूड होतात आणि मागच्या बाजूच्या ताणल्या जाऊन लांब होतात. खोल पाण्यात लांब लाटांची ऊर्जा वेगाने जाते, आखूड लाटांची सावकाश. म्हणजे मागचे धावत येतात, पुढचे रेंगाळतात आणि गर्दी फुगवट्यातच होते. फुगवटा वाढतो. वाढला की हे सगळं आणखी जोरात होतं.

फायबरमध्ये उंचीची जागा तीव्रता घेते. प्रकाश तीव्र असेल तिथे काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो. अपस्करणाचं (वेगवेगळ्या वारंवारता वेगवेगळ्या वेगाने जाण्याचं) चिन्ह योग्य असेल तर पुढची गोष्ट तशीच घडते, चिन्ह उलट असेल तर फुगवटा पसरून सपाट होतो. नेहमीच्या सिंगल-मोड फायबरमध्ये हे चिन्ह १३१० नॅनोमीटरच्या आसपास बदलतं. त्यापेक्षा लांब तरंगलांबीला ताफा फुटतो, आखूड तरंगलांबीला टिकतो. पाण्यात हे काम खोली करते. तरंगसंख्या (२π भागिले तरंगलांबी) गुणिले खोली हा आकडा १.३६३ च्या वर असेल तरच अस्थिरता (एकाच दिशेने जाणाऱ्या लाटांसाठी). मरीन ड्राइव्हवर उभं राहून हे दिसेल अशी आशा धरू नका. ८ सेकंदांची लाट १० मीटर खोलीत आली की हा आकडा ०.९ च्याही खाली असतो.

पायरी १: वहीतले आकडे

पाण्यासाठी एकच संख्या महत्त्वाची, लाटेचा चढ: तरंगसंख्या गुणिले आयाम. आयाम म्हणजे स्थिर पातळीपासून शिखरापर्यंतचं अंतर. लाटेच्या दरीपासून शिखरापर्यंतची उंची घेतलीत तर चढ दुप्पट होतो आणि वाढीचा दर चौपट. ही चूक इतकी सर्रास होते की दुसऱ्याच्या आकड्यांत घोळ दिसला की मी पहिल्यांदा तिथेच बघतो.

बेंजामिन-फेअर यांच्या टाकीतल्यासारखी २.२ मीटर तरंगलांबीची लाट घेऊ. तरंगसंख्या २.८६ प्रति मीटर, वारंवारता ०.८४ हर्ट्झ. चढ ०.१ हवा असेल तर आयाम साडेतीन सेंटिमीटर. आता तीन सोपे नियम:

सगळ्यात वेगाने वाढणारे साइडबँड (मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना उगवणाऱ्या वारंवारता) वाहक, म्हणजे मूळ, वारंवारतेपासून चढाइतक्या अंशाने दूर असतात. इथे १० टक्के, म्हणजे ०.७६ आणि ०.९३ हर्ट्झ. चढाच्या रूट २ पटीपलीकडे वाढ होतच नाही.

आयामाची वाढ: चढाचा वर्ग गुणिले तरंगसंख्या. इथे ०.०२८६ प्रति मीटर, म्हणजे दर ३५ मीटरला चढउतार २.७ पट. तरंगलांबीत मोजलं तर जवळपास १६ लाटा.

एका घोळक्यात किती लाटा? एका जागी उभं राहून मोजल्या तर १ भागिले चढ, म्हणजे १०. पण वरून फोटो काढला तर त्याच घोळक्यात ५ च दिसतात! खोल पाण्यात समूहवेग, म्हणजे घोळक्याचा वेग, लाटेच्या वेगाच्या निम्मा असतो. घोळका तुमच्यासमोरून जाईपर्यंत त्याच्या मागच्या टोकाला नव्या लाटा जन्मतात आणि पुढच्या टोकाला विरतात. सेन्सरची नोंद आणि फोटो जुळत नाहीत म्हणून कुणी वैतागलं असेल तर बहुतेक कारण हेच.

आता फायबर. १५५० नॅनोमीटरला नेहमीच्या फायबरचं अपस्करण, म्हणजे बीटा-२, सुमारे उणे २१.७ वर्ग पिकोसेकंद प्रति किमी आणि अरेषीय गुणांक गॅमा सुमारे १.३ प्रति वॅट प्रति किमी. शक्ती १ वॅट घेऊ. गॅमा गुणिले शक्ती १.३ प्रति किमी. त्याचा व्यस्त, ७६९ मीटर, ही आपली अरेषीय लांबी. टाकीतल्या ३५ मीटरची जागा आता ७६९ मीटरने घेतली. सर्वाधिक वाढीची वारंवारता काढायला गॅमा गुणिले शक्तीची दुप्पट करून बीटा-२ च्या परिमाणाने भागायची आणि वर्गमूळ घ्यायचं: ०.३४६ रेडियन प्रति पिकोसेकंद, म्हणजे ५५ गिगाहर्ट्झ. स्पेक्ट्रम ॲनालायझरवर वाहकापासून ०.४४ नॅनोमीटरवर. काळात बघितलं तर १८ पिकोसेकंदांचे घोळके. टाकीत तेच १२ सेकंदांचे होते.

पायरी २: एककं काढून टाका

अंतर अरेषीय लांबीने भागा (टाकीत ३५ मीटर, फायबरमध्ये ७६९ मीटर). काळ एका ठरावीक मापाने भागा: फायबरमध्ये बीटा-२ गुणिले अरेषीय लांबी याचं वर्गमूळ, ४.०९ पिकोसेकंद, टाकीत रूट २ भागिले (चढ गुणिले कोनीय वारंवारता), २.६७ सेकंद. काळ समूहवेगाने चालणाऱ्या घड्याळावर मोजायचा. आवरण (लाटांच्या माथ्यांवरून जाणारी, आयाम आणि फेज सांगणारी संमिश्र संख्या) मूळ आयामाने भागायचं, म्हणजे सुरुवातीचा सपाट ताफा बरोबर १.

उरतं ते समीकरण शब्दांत असं: आवरणाचा अंतरागणिक बदल = आय × (आवरणाच्या काळातल्या दुसऱ्या अवकलजाचा निम्मा + आवरणाच्या परिमाणाचा वर्ग × आवरण). आय म्हणजे उणे १ चं वर्गमूळ. यात पाणीही नाही, काचही नाही. सर्वाधिक वाढीची वारंवारता आता रूट २, वाढीचा दर १ आणि मर्यादा २.

पाण्याकडे परत जाताना एक खाच आहे. वाहक लाट "आय × (तरंगसंख्या × अंतर − कोनीय वारंवारता × काळ)" अशी लिहिलीत तर पाण्याचं आवरण हे वरच्या समीकरणातल्या आवरणाचं संमिश्र अनुबद्ध येतं. मी हे विसरलो होतो. फळीला द्यायच्या संकेतात फेज उलटी गेली आणि वाढायचा तो चढउतार आधी विरतच गेला. दोन दिवस मी फळीच्या मोटरवर संशय घेत बसलो होतो.

पायरी ३: जाळं आणि सुरुवात

खिडकीत (संगणकात घेतलेल्या काळाच्या तुकड्यात) चढउताराचा पूर्ण एक आवर्त बसवा: २ पाय (π) भागिले रूट २, म्हणजे ४.४४३. एफएफटी (संकेतातल्या वारंवारता वेगळ्या काढणारी संगणकी कृती) खिडकीची दोन टोकं जोडलेलीच मानते. आवर्त अपुरा बसला तर तिथे पायरी पडते आणि तीच वाढायला लागते. बिंदू ६४ पुरतात. का पुरतात ते पायरी ५ मध्ये कळेल.

सुरुवात: १ + ०.०२ × (४५ अंशांची फेज) × कोसाइन. साध्या भाषेत, चढउतार २ टक्क्यांचा, त्यातला निम्मा आयामात आणि निम्मा फेजमध्ये. प्रत्येक साइडबँड वाहकाच्या ४० डेसिबल खाली. ही ४५ अंशांची भानगड कशाला? समीकरण रेषीय करून बघितलं की या वारंवारतेला दोन उत्तरं मिळतात, एक वाढणारं आणि एक विरणारं. वाढणाऱ्याची फेज अधिक ४५ अंश, विरणाऱ्याची उणे ४५. तुम्ही नुसता आयाम हलवलात (लेझरला साधा इंटेन्सिटी मॉड्युलेटर लावला की हेच होतं) तर दोन्ही मिसळून निघतात.

पायरी ४: पाऊल टाकण्याची कृती

समीकरणात दोन गोष्टी एकत्र घडतात, अपस्करण आणि अरेषीयता. वेगवेगळ्या केल्या तर दोन्ही अचूक सुटतात, म्हणून आलटूनपालटून सोडवायच्या. याला स्प्लिट-स्टेप म्हणतात. एका पावलात:

अर्धं पाऊल अरेषीयतेचं: प्रत्येक बिंदूवर आवरणाला अशा फेजने गुणा, जिचा कोन परिमाणाचा वर्ग × अर्धं पाऊल.

मग एफएफटी. प्रत्येक वारंवारतेला अशा फेजने गुणा, जिचा कोन उणे (वारंवारतेचा वर्ग भागिले २) × पूर्ण पाऊल. उलट एफएफटी.

पुन्हा अर्धं पाऊल अरेषीयतेचं.

एफएफटीत वारंवारता शून्यापासून वर जातात आणि अर्ध्यावर एकदम ऋण होतात. स्वतः यादी बनवण्याऐवजी तयार फंक्शन वापरा. त्यातून हर्ट्झसारखी वारंवारता मिळते, २ पायने गुणायचं राहिलं की वाढ खूपच मंदावते आणि आकडे वहीशी जुळत नाहीत.

पावलाची लांबी ०.००२ ठेवा. सपाट ताफ्यावर ही पद्धत स्वतःच खोटी अस्थिरता निर्माण करू शकते. ते टाळायला पाऊल (२ भागिले पाय) × बिंदूंमधल्या अंतराचा वर्ग याहून लहान हवं. ६४ बिंदूंना ही मर्यादा ०.००३ येते. बिंदू दुप्पट केले तर पाऊल चौथाई करायला लागतं. "जास्त बिंदू घेतले आणि उत्तर बिघडलं" ही तक्रार इथून येते. अंतर १० पर्यंत चालवा. पाच हजार पावलं, साध्या लॅपटॉपवर चहा गाळायच्या आत होतात.

पायरी ५: जुळतंय का?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. सुरुवातीला पहिल्या साइडबँडचा आयाम ०.०१ होता, अंतर २ ला तो ०.०७४ च्या आसपास हवा, कारण ई चा वर्ग ७.३९. त्याचा लॉगरिथम अंतरासमोर काढला की रेषा सरळ आणि उतार १.

मग शिखर. या सुरुवातीसाठी अचूक उत्तराचं नाव अख्मेदिएव ब्रीदर (सपाट ताफ्यातून फुगून पुन्हा विरणारे घोळके), १९८० च्या दशकातलं काम. त्यातून निघतं की शिखर २ भागिले ०.०२ याच्या नैसर्गिक लॉगरिथमवर येतं, म्हणजे ४.६ वर. तिथे आवरण सर्वात उंच २.४१, दोन शिखरांच्या बरोबर मध्ये ०.४१, आणि या दोन जागांच्या अधेमध्ये ते शून्याला टेकतं. नुसता आयाम हलवून सुरुवात केली असेल तर शिखर ४.९५ वर सरकतं. फायबरमध्ये हा फरक २६६ मीटरचा होतो. शिखर ३.५ किमीवर येणार म्हणून तुम्ही तेवढीच रीळ कापून आणली असेल तर ते दिसण्याआधीच फायबर संपलेलं असेल.

स्पेक्ट्रमही तपासा. शिखरापाशी प्रत्येक पुढचा साइडबँड आधीच्याच्या ०.४१४ पट आयामाचा असतो, डेसिबलमध्ये दरवेळी ७.७ ने खाली. लॉग मापावर दोन्ही बाजूंना सरळ उतार पडून तंबूसारखा आकार दिसतो, फायबरच्या प्रयोगांतही असाच. वाहकाकडे तेव्हा जेमतेम १७ टक्के शक्ती उरते. आणि ०.४१४ चा ३२ वा घात १० च्या उणे १२ व्या घाताइतका क्षुल्लक, म्हणून ६४ बिंदू पुरले.

एकूण शक्ती स्थिर राहिली म्हणून खूश होऊ नका. स्प्लिट-स्टेप नुसत्या फेजने गुणते, त्यामुळे शक्ती चुकीच्या उत्तरातही तंतोतंत टिकते. हॅमिल्टोनियन मोजा: काळातल्या पहिल्या अवकलजाच्या परिमाणाचा वर्ग भागिले २, वजा आवरणाच्या परिमाणाचा चौथा घात भागिले २, याची खिडकीभर बेरीज. ती शिखरापाशी हलली तर पाऊल मोठं आहे.

शिखरानंतर ताफा पुन्हा जवळजवळ सपाट होतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी प्रोग्राम दोनदा तपासला होता. फुटलेली गोष्ट आपणहून सांधते हे डोळ्यांना पटत नाही. लेक, युएन आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये पाण्याच्या टाकीत ही पुनरावृत्ती नोंदवली, फायबरमध्ये २००१ साली ब्रसेल्समध्ये ती दिसली. मात्र खिडकीत चार आवर्त घेऊन फार लांबपर्यंत चालवलंत तर अंतर ३५-४० च्या पुढे चित्र विस्कटतं. तो संगणकाच्या सोळाव्या दशांशातला कचरा: कमी वारंवारतेचे साइडबँडही अस्थिर असल्याने तो तिथून वाढत वर येतो. त्याचं भौतिकशास्त्र करत बसू नका.

पायरी ६: परत पाण्यात आणि काचेत

४.६ ला ३५ मीटरने गुणलं की १६० मीटर. एवढी टाकी क्वचितच कुणाकडे असते, म्हणून प्रयोग करणारे तरंगलांबी आखूड घेतात किंवा चढ वाढवतात. चढ वाढवण्याला लगेच मर्यादा येते. ०.१७ चढाला वाढीची लांबी १२ मीटरवर येते खरी, पण शिखरावर २.४१ पट म्हणजे ०.४१, आणि एकसारख्या लाटेचा सैद्धांतिक कमाल चढच ०.४४ आहे. लाट माथ्यावर फुटून फेसाळते आणि आपलं समीकरण तिथे संपतं. तरंगलांबी आखूड करणं शहाणपणाचं. २०११ मध्ये हाम्बुर्गच्या टाकीत शाब्शूब, हॉफमन आणि अख्मेदिएव यांनी पेरेग्रिन ब्रीदर दाखवला, तो ५४ सेंटिमीटर तरंगलांबीच्या, १ सेंटिमीटर आयामाच्या लाटांवर. टाकी १५ मीटरची होती. पेरेग्रिन ब्रीदर म्हणजे घोळक्यांमधलं अंतर अनंत झालं की उरणारा एकटा उंचवटा, मूळ आयामाच्या बरोबर ३ पट. पेरेग्रिनने तो १९८३ साली कागदावर मांडला आणि पाण्याच्या एक वर्ष आधी, २०१० मध्ये, तो फायबरमध्ये दिसला.

आवरणापासून पृष्ठभाग काढताना वाहकाने गुणून वास्तव भाग घ्याच, शिवाय दुसऱ्या क्रमाची दुरुस्ती मिळवा: तरंगसंख्या × आयामाचा वर्ग भागिले २, दुप्पट वारंवारतेवर. ती नसेल तर शिखरं टोकदार आणि दऱ्या सपाट दिसणार नाहीत, आणि सेन्सरच्या नोंदीशी जुळवताना सगळा दोष चुकीच्या जागी जाईल. खऱ्या टाकीत घोळक्याची पुढची बाजू जास्त ताठ होते आणि खालचा साइडबँड वरच्याला मागे टाकतो. साध्या समीकरणात दोन्ही बाजू सारख्या राहतात, त्यामुळे हे त्यातून कधीच निघणार नाही; त्यासाठी डिस्थेचं १९७९ मधलं सुधारित समीकरण घ्यावं लागतं.

खऱ्या समुद्रातली राक्षसी लाट म्हणजे हीच अस्थिरता, असं सरसकट लिहिलेलं वाचायला मिळतं. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या ड्राउप्नर फलाटावर २५.६ मीटरची लाट नोंदली गेली, तिचं उदाहरण हमखास असतं. मला ते पटत नाही. समुद्रावर लाटा अनेक दिशांनी येतात, आणि दिशा पसरल्या की ही अस्थिरता लंगडी पडते. वेगवेगळ्या लाटांची शिखरं योगायोगाने एकावर एक येणं आणि त्यात वर सांगितलेली दुसऱ्या क्रमाची दुरुस्ती, एवढ्याने बरंच काही समजावता येतं.

फायबरच्या बाजूला दोन गोष्टी सांभाळायच्या. ३.५ किमीत ०.२ डेसिबल प्रति किमी दराने १५ टक्के शक्ती गळते. प्रोग्राममध्ये प्रत्येक पावलाला तेवढा घट गुणक घाला, शिखर किंचित पुढे आणि बुटकं येईल. दुसरी गोष्ट टेबलावर गेल्यावरच कळते. अखंड, अरुंद रेषेचा १ वॅट लेझर लांब फायबरमध्ये सोडलात तर ताफा फुटण्याआधीच ब्रिलुआँ प्रकीर्णन (काचेतल्या ध्वनिलहरीवरून प्रकाश मागे उसळणं) बहुतेक प्रकाश उलटा परत पाठवतं. त्याचा उंबरठा १ वॅटच्या खूप खालीच लागतो. म्हणून एकेक नॅनोसेकंदाच्या स्पंदांत काम करायचं. काचेतल्या ध्वनिलहरीला जोर धरायला तेवढा वेळ पुरत नाही, आणि १८ पिकोसेकंदांचे पन्नासेक घोळके मात्र त्यात आरामात मावतात. लेझर आणि फायबर यांच्यामध्ये आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारं उपकरण) बसवल्याशिवाय शक्ती वाढवू नका. परत येणारा तो प्रकाश थेट लेझरच्या तोंडावर येतो.